हैबतीच्या मापाचे जोडे

हिरकणीवाडीचा हैबती कुणावरच विश्वास ठेवायचा नाही. त्यात कुणी वाईट वाटून घ्यावं असं काही नव्हतं, कारण भेदभाव त्याच्याकडे नव्हता. चहावाल्याने कप भरताना पाठ केली तर हा उठून पलीकडून जाऊन बघायचा, त्याने कपात काय टाकलं. मुंबईहून मुलाचा, स्वराजचा, फोन आला आणि त्याने तब्येत विचारली, तर फोन ठेवल्यावर बायकोला म्हणायचा, आजच का विचारलान? बायको ठकूबाई कपाळावर हात मारून घ्यायची. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी भाकरी पानात पडली की हा ती उलटून बघतो, मग दुसऱ्यांचं काय घेऊन बसलात, असं ती गावभर सांगायची.

पण माणूस रायगडाच्या पायऱ्यांवर उभा राहिला की त्याच्यासारखा दुसरा नाही, हेही तीच सांगायची. मिसरूड फुटल्यापासून हैबती गडावर डोली वाहत आलेला. म्हाताऱ्याकोताऱ्या, जाडजूड शेटजी, पाय मोडलेले, हौस फिटलेले, सगळे त्याच्या खांद्यावरून वर गेले नि खाली आले. आणि हे सगळं अनवाणी. त्यामुळे त्याचे पाय असे पसरले होते की बघणारा एकदा बघून परत बघायचा. टाच सुपाएवढी, पंजा त्याहून मोठा, आणि बोटं वाटण्या झालेल्या भावांसारखी एकमेकांपासून लांब लांब. लग्नात सासऱ्याने वहाणा दिल्या होत्या, त्या त्याने मांडवापासून घरापर्यंत हातात धरून आणल्या. पायात गेल्याच नाहीत.

डोलीला दोन माणसं लागतात, एक पुढे, एक मागे. हैबती मागला आणि त्याच वाडीतला येसाजी पुढला. ऐन जवानीपासून ही जोडी. चढताना डोलीचं वजन मागल्याच्या खांद्यावर येतं, उतरताना पुढल्याच्या. म्हणजे दिवसाच्या शेवटी हिशेब सारखा. मागून चालणाऱ्याला दुसरं काही दिसत नाही, पुढल्याची पावलंच दिसतात. येसाजीचे पायही हैबतीसारखेच, पसरट, फाकलेले. एकदा पायरीचा सुटलेला दगड येसाजीच्या डाव्या पायावर आला आणि करंगळी मोडून बाहेरच्या अंगाला वळली, ती कायमची. तेव्हा हैबतीनेच आपलं मुंडासं फाडून ती बांधली होती. येसाजीचा चेहरा त्याला कधी नीट आठवायचा नाही, पण टाचेच्या कुठल्या भेगेत माती भरते ते आठवायचं.

मग रोपवे आला. वर जायला सकाळची मोठी रांग लागायची म्हणून घाईतले लोक डोलीने चढायचे, आणि उतरताना मजेत पाळण्यात बसून खाली. म्हणजे डोलीला आता फक्त चढण उरली. आणि चढणीचं वजन कुणावर? मागल्यावर. हैबतीच्या डोक्यात हे आलं आणि तिथून त्याची झोप उडाली. तो येसाजीला म्हणाला, मी पुढं होतो, तू मागं हो. येसाजी मोजकं बोलणारा. तो म्हणाला, “तू मागंच बरा.” का, कशासाठी, काही नाही. हैबतीने चार माणसांत आवाज चढवला, लबाड म्हणाला, माझ्या खांद्यावर आयतं खातोस म्हणाला. येसाजीने दांडा खाली ठेवला आणि घरी निघून गेला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. बायकांचं मात्र बंद झालं नाही. ठकूबाई आणि येसाजीची बनुबाई झऱ्यावर रोज भेटायच्या आणि आपापले नवरे किती शहाणे आहेत हे एकमेकींना सांगायच्या.

दुसरा जोडीदार घेऊन हैबती वाहत राहिला. पावसाळा सरता सरता उजव्या पायाच्या अंगठ्याखाली त्याला कपचीने कापलं. एवढंसं. हळद भरली, चिंधी गुंडाळली. एरवी चार दिवसांत सुकायचं, ते सुकेना. उलट काळं पडायला लागलं. लगेच हैबतीच्या मनात पाल चुकचुकली. त्या भागात म्हातारी माणसं मानतात की वैऱ्याने पायाखालची माती उचलली आणि तिच्यावर काही केलं, तर माणसाचे पाय जातात. बोलणं कुणाशी बंद आहे? येसाजीशी. मग झालं तर.

ठकूबाई ऐकेचना. तिने त्याला यष्टीत घालून महाडला नेलं. डॉक्टरीण विनीताबाई, नव्या दवाखान्यातली, हसतमुख. हसतमुख माणसाचा तर हैबतीला जास्तच संशय. तिने रक्त काढलं, ते कुठे नेतात हे बघायला हा बाटलीमागे खोलीच्या दारापर्यंत गेला. मग ती म्हणाली, साखर आहे, बरीच आहे. डोळ्यांपुढे अंधुक येतं का, असंही तिने विचारलं. हैबतीने ठकूबाईकडे रोखून पाहिलं. अंधुक येत होतं, वर्ष झालं होतं, पण ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. हिला कुणी सांगितलं? तो म्हणाला, नाय, लख्ख दिसतं.

“काका, गोळ्या देते, मलम देते,” विनीताबाई म्हणाल्या. “पण अनवाणी आता एक पाऊल टाकायचं नाही. पायात काहीतरी हवं. बोटं आवळणार नाहीत असं, खडा टोचणार नाही असं. जखम अशीच राहिली तर अंगठा काढावा लागेल. आणि वर चढली तर पाय.”

अंगठा गेला तर पायरीवर पकड गेली, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. आणि पाय गेला तर काय उरतं? डोली वाहणारा माणूस डोलीत बसणार? त्या घटकेला हैबती खरोखर भ्याला. पण भ्याल्यावरही त्याने बाहेर येऊन पहिलं काय म्हटलं असेल तर हेच, की हिचं जोड्यांच्या दुकानदाराशी काहीतरी असणार.

तरी गेला बिचारा. महाडच्या बाजारपेठेतलं एक दुकान सोडलं नाही. दुकानदार पाय बघायचे आणि आधी हसायचे, मग खोके काढायचे. लांबीला बसेल तो जोडा रुंदीला निम्म्यावरच अडे. रुंदीला बसवायला मोठा घेतला तर पुढे बोटांपलीकडे एवढी पोकळी, की पायरीवर आधी जोडा पोहोचायचा, मग हैबती. एकाने तर, आजोबा, यांना जोडे नकोत, होड्या हव्यात, असं म्हणून घेतलं. हैबती तिथून उठला तो उठलाच. पुढे स्वराजने मुंबईहून खेळाचे बूट पाठवले, जाड तळाचे, पांढरेशुभ्र. हैबतीने ते ओढूनताणून चढवले आणि अंगणातल्या दगडावर उभा राहिला, तर त्याला खालचा दगडच कळेना. उंचावर उभं राहून दुसऱ्याच कुणाच्या पायांनी चालतोय असं वाटलं. त्यात करंगळ्या ठणकायला लागल्या. त्याने बूट काढून वळचणीला टाकले. ठकूबाईला सांगितलं, जोडा असा पायजे की खालचा खडा टोचता नये पन कळला पायजे. ती म्हणाली, असा जोडा देवाकडं मागा.

विनीताबाईंनीच मग पुढची वाट सांगितली. पोलादपूरला स्टँडच्या मागे काशीराम बसतो, तो पायाबरहुकूम शिवून देतो. सपाट, टाच नसलेले, वर मऊ चामडं आणि खाली पातळ टायर. त्या म्हणाल्या, सांगा मी पाठवलंय म्हणून. म्हणजे कमिशन, हैबती मनात म्हणाला. पण अंगठा काळा होत चालला होता. तो गेला.

काशीराम चांगला माणूस. आपल्या कामात बुडालेला, पानाने तोंड भरलेलं. त्याने हैबतीचे पाय पाहिले आणि हसला नाही, उलट त्याचे डोळे चमकले. म्हणाला, “दादा, असं पाऊल पुष्कळ दिवसांनी आलं माझ्याकडे. जमेल.” आणि त्याने जमिनीवर जाड कागद पसरला, कानामागची पेन्सिल काढली आणि पाय ठेवा म्हणाला.

हैबतीने वर पाहिलं. दुकानाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तार बांधलेली, आणि तारेवर कागदाची पावलं लटकलेली. लहान, मोठी, डावी, उजवी, वाऱ्यावर हलणारी. काशीराम अभिमानाने सांगायला लागला, हे एका मास्तरांचं, हे वरच्या वाडीतल्या सहदेवचं, हे आता वारले त्यांचं. एकदा माप काढलं की फेकत नाही, दर खेपेला कशाला गिऱ्हाइकाला त्रास. हैबतीच्या अंगावर काटा आला. अर्ध्या तालुक्याचे पाय या माणसाने टांगून ठेवलेत आणि ती माणसं बाहेर बिनघोर फिरताहेत! आणि त्यातला एक वारलाही.

“कागदावर पाय ठेवनार नाय,” तो म्हणाला.

काशीरामने समजावलं. सुतळीने लांबी घेता येईल, रुंदीही घेता येईल, पण बोटं कुठे कशी फाकलीत ते आकाराशिवाय कळायचं नाही, आणि तुमच्या पायात सगळी गंमत बोटांचीच आहे. हैबती म्हणाला, मग कागद मी माझ्यासंगं घेऊन जाईन. काशीराम म्हणाला, मग मी शिवू कशावर? हैबती म्हणाला, माझ्यासमोर शिव. काशीराम म्हणाला, शिवायला आठवडा जातो, बसता का इथे? यावर हैबतीने खरंच थोडा विचार केला. एवढ्यात त्याने रस्त्याकडे पाहिलं आणि समोरून येसाजी येताना दिसला. येसाजीची लेक पोलादपुरात दिलेली, हे हैबतीला ठाऊक होतं, पण ते त्या क्षणी आठवेल तो हैबती कसला! येसाजीने काशीरामला हात केला. काशीरामनेही केला. ओळख होती तर. हैबतीने पाऊल मागे घेतलं, चिंधी गुंडाळली आणि यष्टी गाठली.

घरी ठकूबाई रडली. पायात काही नको, कागद नको, डॉक्टर नको, मग मी काय करू, तुमचा पाय जाताना बघत बसू, असं ती त्याला तोंडावर म्हणाली. हैबती म्हणाला, “पाय गेला तर माजा जाईल गो. पन माज्या हातानं मी तो कुनाच्या हवाली करनार नाय.” ती दुसऱ्या दिवशी झऱ्यावर गेली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते आणि बनुबाईने कारण विचारलं, हे इथे सांगून ठेवतो.

त्यानंतर जे झालं त्याने हैबतीची खात्रीच पटली. झऱ्यावरून तो पाणी पिऊन परतत होता. काठाला चिकण मातीचा चिखल, त्यात त्याचं पाऊल खोल उमटलं होतं. वळणावर काहीतरी वाटलं म्हणून त्याने मागे पाहिलं. येसाजी तिथे वाकलेला. आधी त्याने हाताची वीत त्या पावलावर ठेवली. मग सरळ उभा राहून, इकडेतिकडे बघून, त्याने आपला पाय उचलला आणि हैबतीच्या उमटलेल्या पावलात ठेवला. नीट, सावकाश, दाबून.

हैबती ओरडत आला. माती उचलणारे ऐकले होते, पण पावलात पाऊल घालणारा पहिलाच! त्याने वाडी गोळा केली. हा माझा पाय खातोय म्हणाला, याच्यामुळेच सडतोय म्हणाला, याच्या घरात लिंबं असतील, जाऊन बघा म्हणाला. माणसं खाली बघत उभी राहिली. येसाजीचा चेहरा लाल झाला होता. तो एवढंच म्हणाला, “तुजं झालं बोलून?” आणि चिखलातलं पाऊल पायाने पुसून निघून गेला. काय केलंस सांग म्हणून हैबती मागून ओरडत राहिला. त्याने सांगितलं नाही.

पुढचे दिवस हैबती घराबाहेर पडला नाही. पडला तरी आपली पावलं मागे वळून पुसत जायचा. काळा डाग अंगठ्याच्या मुळाशी आला. विनीताबाईंनी पुन्हा दाखवायला दिलेली तारीख जवळ येत होती, आणि त्या तारखेला त्या काय म्हणणार हे त्याला पुरतं माहीत होतं.

आणि एका सकाळी ठकूबाईने त्याच्यापुढे गाठोडं ठेवलं. फडक्यात जोडे होते. साधे, तपकिरी, सपाट, जोडे कसले, चामड्याच्या दोन पिशव्याच. पुढचा भाग एवढा रुंद की कुणी पाहिलं तर हसेल. “काशीरामनं अंदाजानं शिवलेत,” ती म्हणाली, पण त्याच्याकडे बघून नाही म्हणाली.

अंदाजानं? हैबतीने जोडे उलटे केले, हुंगले, आत हात घालून कोपरे चाचपले. काही शिवून ठेवलंय का, केस, राख, काही? काही नव्हतं. तो बायकोकडे बघत राहिला. रात्री झोपेत तर माझ्या पायाचं माप काढलं नाहीस ना गो? तिने घागर आपटली. म्हणाली, घालायचे तर घाला, नायतर पाय कापल्यावर पन चालतील, तेवा एकच घाला. असं ती कधी बोलली नव्हती. त्याने आधी उजवा पाय घातला, दुखरा.

पाय आत गेला आणि कुठे काही अडलंच नाही. बोटं होती तशी पसरली, अंगठ्याला काही लागलं नाही, जोडा अगदी त्याच्याच पायावर बेतावा तसा. तो उठला आणि अंगणातल्या दगडावर उभा राहिला. दगड टोचला नाही, पण कळला. पातळ टायरखाली त्याचा उंचवटा, त्याची कड, सगळं कळलं. हैबतीला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणूनच भीती वाटली. अंदाजाने असं शिवता येत नाही. हा पाय कुणीतरी दिलेला आहे.

मग त्याने डावा घातला. तोही तसाच बसला, फक्त एका जागी नाही. बाहेरच्या अंगाला, करंगळीपाशी, चामडं फुगीर शिवलेलं होतं, आणि आत बोटभर जागा रिकामी राहत होती. त्याने पाय काढला, पुन्हा घातला. जागा राहिलीच. काशीरामची चूक? एवढा सफाईदार हात उजव्याला चुकला नाही आणि डाव्यालाच चुकला? त्याने आत बोट घालून तो फुगवटा चाचपला. बाहेर वळलेला, थोडा वर, थोडा मागे.

हैबतीने जोडा मांडीवर घेतला आणि पुन्हा चाचपला.

तो फुगवटा त्याच्या ओळखीचा होता. ती करंगळी त्याने स्वतः बांधली होती. ती पायरीवर कशी टेकते, पावसात कशी घसरते, हे त्याने हजारदा पाहिलं होतं, मागून, खांद्यावर ओझं घेऊन, दुसरं काही न दिसता. चिखलातलं पाऊल, त्यावरची वीत, त्यात सावकाश ठेवलेला पाय, सगळं त्याला दिसलं. येसाजी आपला पाय आपल्या जोडीदाराच्या मापाचा अजून आहे का, हे बघत होता. आणि दुसरंही कळलं. तू मागंच बरा. पुढल्याला पायऱ्या बघून चालावं लागतं. हैबतीचं पाऊल चाचपडतं हे येसाजीला खांद्यावरच्या दांड्यातून कळलं असणार; अंधुक दिसणारा माणूस पुढे घातला असता तर डोलीसकट दरीत गेला असता, आणि हे चार माणसांत बोलून त्याची रोजी मोडायची नाही म्हणून येसाजीने शिव्या खाल्ल्या होत्या.

हैबतीला अतोनात लाज वाटली. एवढी, की ठकूबाई काही विचारायला आली तर त्याने तोंड फिरवलं. मग तो उठला आणि जोडे घालूनच येसाजीच्या अंगणात गेला.

येसाजी दोरी वळत बसला होता. त्याने हैबतीच्या तोंडाकडे पाहिलं नाही, पायांकडे पाहिलं.

“डाव्यात करंगळीपाशी जागा ऱ्हायली आसंल,” तो म्हणाला. “तेवढी माजी हाय. काशीराम बोलला, आनून दिलेत तर आतून शिवून घेतो.”

हैबतीने विचारलं ते त्याला जे सगळ्यात भयंकर वाटत होतं तेच. “तुज्या पायाचा कागद तितंच टांगून आलास?”

“आलो.”

“आनि कुनी काय केलंन म्हंजे?”

येसाजीने दोरीचा पीळ घट्ट केला. तो काही न घाबरणारा माणूस नव्हता. तोही त्याच वाडीत वाढला होता आणि कागदावर पाय ठेवताना त्यानेही तो एकदा मागे घेतला होता, हे बनुबाईने नंतर सांगितलं.

“माज्या वायटावर या जगात एकच मानूस हाय,” तो म्हणाला. “आनि त्याला तर जोडे पायजे होते.”

हैबती ओट्यावर बसला. मग हैबती म्हणाला, “ती जागा ऱ्हाऊ दे तशीच. शिवायची नाय.” येसाजीने मान डोलावली.

बनुबाईने आतून दोन कप चहा आणला. येसाजीचा नेहमीसारखा होता. हैबतीने आपल्या कपाचा घोट घेतला, तर त्यात साखर नव्हती. तिला कुणी सांगितलं, हे त्याने विचारलं नाही.